सिंहावलोकनी प्रदर्शनांचा कैवार

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात सध्या कोणते प्रदर्शन चालू आहे आणि पुढे कोणती येणार आहेत, हा प्रश्न वरकरणी सुट्टीच्या दिवशी कोठे जावे एवढ्याच कुतूहलाचा वाटतो; परंतु गेल्या काही वर्षांत या प्रश्नाभोवती एक असे मत दृढ होत चालले आहे की, त्याचा वेळीच आणि सविस्तर प्रतिवाद झाला नाही तर या शहराच्या चित्रकलेच्या इतिहासाची कधीही भरून न येणारी हानी होईल, अशी माझी प्रामाणिक धारणा आहे. ते मत असे: संग्रहालय म्हणजे संग्रह, जनतेच्या पैशाने विकत घेतलेली हजारो चित्रे कोठारांत पडून असताना एकेका चित्रकाराच्या सिंहावलोकनी प्रदर्शनात सगळी दालने महिनोन्महिने गुंतवणे हा सार्वजनिक ठेवीचा अपव्यय होय, तेव्हा बहुतेक मजले कायमच्या संग्रहाला द्यावेत, नैमित्तिक प्रदर्शनांसाठी एखादे दालन राखावे, आणि तेथे काय लागावे हे स्थानिक चित्रकारांच्या समितीवर न सोडता मध्यवर्ती खात्यानेच ठरवावे, म्हणजे वशिला आणि गटबाजी यांना पायबंद बसेल.

हे मत दुष्टाव्याने मांडले जाते असे मी मुळीच म्हणणार नाही. माझे एक वडीलधारी स्नेही, ज्यांनी उभी हयात सरकारी हिशेबतपासणीत घालवली आणि ज्यांच्या सचोटीबद्दल कोणी ब्रही काढणार नाही, तेच या मताचे सर्वांत समर्थ पुरस्कर्ते आहेत. दुकानदाराने आपला माल तळघरात ठेवून शेजाऱ्याकडून उसना आणलेला माल दर्शनी मांडावा तसा हा प्रकार आहे, हा त्यांचा दृष्टान्त ऐकणाऱ्याला चटकन पटतो. आणि जे चटकन पटते त्याची छाननी अधिक कसोशीने केली पाहिजे.

त्यांच्या म्हणण्यातला खरा भाग आधी मान्य करतो. दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये १९५४ साली हे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. तेव्हापासून खरेदीने, देणगीने आणि वारशाने त्याच्याकडे १७,००० हून अधिक कलाकृती जमल्या, आणि त्यांतील अगदी थोड्याच कोणत्याही एका वेळी भिंतींवर असू शकतात. अमृता शेरगिलची चित्रे पाहायला मुंबईच्या विद्यार्थ्याला दिल्लीची वारी करावी लागू नये, ही मागणी रास्त आहे. संग्रह दाखवावा, त्याची मांडणी बदलत राहावी, मुंबईतही त्याचा काही भाग सदैव पाहायला मिळावा, या तिन्ही गोष्टींना माझी सही आहे. वाद आहे तो पुढच्या पायरीवर, जेथे संग्रह आणि सिंहावलोकन एकमेकांचे हिस्सेदार मानून एकाचे क्षेत्र वाढवायचे तर दुसऱ्याचे काटले पाहिजे असे गृहीत धरले जाते.

आधुनिक कलेच्या संग्रहालयाचा व्यवहार प्राचीन वस्तूंच्या संग्रहालयासारखा नसतो. समोरच, चौक ओलांडला की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उभे आहे. तेथल्या एखाद्या गुप्तकालीन मूर्तीविषयी विद्वानांत मतभेद असतील, तिचे शतक इकडेतिकडे सरकेल, परंतु ती जतन करण्याच्या योग्यतेची आहे की नाही हा निवाडा काळाने कधीच करून टाकला आहे. आधुनिक चित्राच्या बाबतीत तो निवाडा अद्याप चालू आहे. त्याचे साक्षीदार जिवंत आहेत, पुरावा घरोघर विखुरलेला आहे, आणि पुष्कळदा ज्या चित्रकाराविषयी निवाडा करायचा त्याची निम्मी कामगिरी कोणी पाहिलेलीच नसते. अशा स्थितीत संग्रहालयाने केवळ जे आपल्या दप्तरी जमा आहे तेवढेच दाखवायचे ठरवले, तर त्याने पूर्वीच्या खरेदी-समित्यांची अभिरुची, त्यांचा संकोच आणि त्यांच्या चुका यांना कायमची सनद दिली असे होईल. जे घेतले गेले तेच दिसेल. जे दिसेल तेच महत्त्वाचे ठरेल. आणि जे राहून गेले त्याची कैफियत मांडायला जागाच उरणार नाही.

प्रभाकर बरवे यांचेच उदाहरण घेऊ, कारण हा सारा वाद त्यांच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या वेळी चव्हाट्यावर आला. कोकणातल्या नागावचा हा चित्रकार १९३६ साली जन्मला, जे. जे. मध्ये शिकला, विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत आधी वाराणसीस आणि मग मुंबईस राहिला, आणि १९९५ साली, अवघ्या ५९व्या वर्षी, गेला. पान, घड्याळ, शिंपला यांसारख्या रोजच्या वस्तू त्याने कॅनव्हासच्या सपाट अवकाशात अशा ठेवल्या की त्यांचे परस्परांशी असलेले रोजचे नाते सुटून दुसरेच एखादे, नाव नसलेले नाते जुळू लागावे. हे एका चित्रावरून कळत नाही. एकच बरवे भिंतीवर लावला आणि त्याच्या दोन्ही बाजूंस समकालीनांची दोन भरघोस चित्रे लावली, तर पाहणारा अर्ध्या मिनिटात पुढे जातो, कारण त्या चित्रात ओढून धरणारे असे काहीच नसते. पण त्याच चित्रकाराची तीस-चाळीस वर्षांची चित्रे क्रमाने समोर आली, वाराणसीच्या काळातील तंत्रप्रतिमांपासून उत्तरायुष्यातील विरळ, शांत अवकाशापर्यंतची वाट पायांखालून गेली, की तोच प्रेक्षक परत फिरून पहिल्या चित्रापाशी येतो आणि आता त्याला ते वाचता येते. बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० साली मराठीत लिहिले, आणि चित्रकाराने स्वतःच्या निर्मितिप्रक्रियेचा इतक्या शिस्तीने घेतलेला शोध आपल्या भाषेत विरळा आहे. तरीही ज्यांनी ते पुस्तक वाचले त्यांनी चित्रे पाहिली नव्हती आणि ज्यांनी चित्रे पाहिली त्यांपैकी पुष्कळांना मराठी येत नव्हते. हे दोन वर्ग एका छपराखाली आले ते २०१९ साली, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, जेसल ठक्कर यांनी क्युरेटर म्हणून उभारलेल्या त्या सिंहावलोकनी प्रदर्शनात, जेथे चित्रांबरोबर त्यांच्या टिपणवह्याही काचेखाली मांडल्या होत्या. कायमच्या संग्रहातील दोन-चार चित्रांनी हे काम पुढच्या शंभर वर्षांतही केले नसते.

त्या उद्घाटनाच्या वेळी अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. बरवे यांच्याविषयी बोलता बोलता त्यांनी, मुंबई आणि बंगळूर येथील केंद्रांच्या स्थानिक सल्लागार समित्या नोव्हेंबर २०१८ मध्ये संपुष्टात आल्याची आणि यापुढचे निर्णय दिल्लीतून होणार असल्याची गोष्ट काढली, तेव्हा त्यांना विषयाला धरून बोलण्याविषयी पुन्हा पुन्हा टोकण्यात आले. समितीची मुदत संपली होती, ती यथावकाश पुन्हा नेमली जाईल, असे त्यानंतर सांगण्यात आले. त्या सायंकाळच्या शिष्टाचाराची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. तीत मी शिरत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की विषयाला सोडून ते बोलत नव्हते. ज्या भिंतींवर बरवे लागले होते त्या भिंती पुढे कोणासाठी मोकळ्या राहणार, हा बरवे यांच्या प्रदर्शनाचाच विषय होता.

येथे माझे स्नेही म्हणतात की, अहो, पुढे तर सगळे सुरळीतच झाले: सुधीर पटवर्धनांचे सिंहावलोकन त्याच वर्षाच्या अखेरीस झाले, मेहली गोभई यांचेही मार्च २०२० मध्ये उघडले; मग आकांडतांडव कशासाठी? दोन्ही प्रदर्शने झाली, ही आनंदाची गोष्ट आहे, आणि ती पाहिलेल्या कोणालाही ती विसरता येणार नाहीत. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून नोकरी व व्यवसाय करीत ज्याने लोकलच्या डब्यातली, इराण्याच्या हॉटेलातली, गिरणगावातली आणि उल्हासनगरातली माणसे आयुष्यभर रंगवली, त्या पटवर्धनांची चित्रे ज्या शहराविषयी आहेत त्याच शहरात एकत्र उभी राहिली, आणि त्या चित्रांतल्यासारखीच माणसे ती पाहायला आली. परंतु या दोन्ही प्रदर्शनांचा विचार समितीच्या काळातच झालेला होता, आणि मध्यंतरी ती होतात की नाही याविषयी उघड चिंता व्यक्त करावी लागली होती. पेरलेले उगवले, यावरून पेरणी बंद केली तरी चालते असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता त्या ‘उसन्या माला’च्या दृष्टान्ताकडे वळतो, कारण सगळ्या वादाची मेख तेथे आहे. सिंहावलोकनी प्रदर्शन उभे कसे राहते, याची ज्यांना माहिती नाही त्यांनाच ते शेजाऱ्याकडून आणलेल्या वस्तूंच्या मांडामांडीसारखे वाटते. चित्रकार आयुष्यभर विकत असतो, देत असतो, कधी भाड्याच्या मोबदल्यात चित्र ठेवून जात असतो. त्याची चित्रे कंपन्यांच्या कचेऱ्यांत, डॉक्टरांच्या दवाखान्यांत, मित्रांच्या दिवाणखान्यांत, परदेशी गेलेल्या मुलांच्या घरांत पांगतात. क्युरेटर दोन-तीन वर्षे ती हुडकत फिरतो; प्रत्येक मालकाशी पत्रव्यवहार, प्रत्येक चित्राच्या अवस्थेचा लेखी अहवाल, विमा, बांधणी, वाहतूक, आणि आधी विश्वास; कारण घरातले चित्र महिनाभरासाठी भिंतीवरून उतरवून द्यायला कोणीही सहजासहजी राजी होत नाही. या शोधात तारखा दुरुस्त होतात, हरवली म्हणून समजलेली चित्रे सापडतात, खोटी उघडकीस येतात, आणि शेवटी जो सूचिग्रंथ छापला जातो तो पुढच्या प्रत्येक अभ्यासकाचा पाया ठरतो. शिवाय संग्रहालयाला आपल्या स्वतःच्या चार चित्रांचे स्थान कोणते हे याच वेळी कळते, आणि पुढे काय विकत घ्यावे वा देणगी म्हणून मागावे हेही. म्हणजे संग्रह आणि सिंहावलोकन यांत वाटणीचा मामला नाहीच. एक दुसऱ्याला पोसतो. उसना माल म्हणून ज्याची हेटाळणी केली जाते ते त्या दुकानाचे खरेदीखाते आहे, असे माझ्या हिशेबनीस स्नेह्यांना त्यांच्याच भाषेत सांगावेसे वाटते.

हे काम आपण केले नाही तर काय होते, याचा दाखला वासुदेव गायतोंडे यांच्या रूपाने आपल्यापुढे आहे, आणि तो मला आजही अस्वस्थ करतो. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, मूळचा गोव्याकडचा, गिरगावात वाढलेला, १९४८ साली जे. जे. ची पदविका घेऊन बाहेर पडलेला हा चित्रकार. भुलाभाई देसाई संस्थेत त्याने कित्येक वर्षे काम केले, मग दिल्लीस जाऊन तो जवळजवळ अज्ञातवासात राहिला, वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत राहिला, आणि २००१ साली गेला. त्याचे पहिले सिंहावलोकनी प्रदर्शन भरले ते ऑक्टोबर २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात. संधिनी पोद्दार यांनी आशिया, युरोप आणि अमेरिका येथल्या सुमारे ३० संग्रहांतून ४५ कृती गोळा केल्या तेव्हा कोठे हा चित्रकार सलग दिसला. मुंबईचे संग्रहालय १९९६ साली उघडले होते. म्हणजे गायतोंडे हयात असताना आपल्या हाती पाच वर्षे होती, आणि त्यानंतर आणखी तेरा. मराठीत ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकाने गायतोंड्यांचा जो पाठपुरावा केला, त्याचे संपादक सतीश नाईक यांनी ज्या चिकाटीने त्यांच्याविषयीच्या आठवणी मिळवून छापल्या, तो एका माणसाच्या हौसेने केलेला उद्योग होता, संस्थेचे काम माणसाला अंगावर घ्यावे लागले.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर तयार आहे आणि ते बिनतोड वाटावे असे आहे: मग हा तुमच्याच स्थानिक मंडळींचा नाकर्तेपणा नव्हे काय? त्या काळी मुंबईत जे कोणी सल्ला देत होते आणि निर्णय घेत होते, त्यांनी गायतोंड्यांना का बोलावले नाही? हा आरोप मी झिडकारत नाही. तो खरा आहे. चित्रकार माणसेच असतात, त्यांच्यात रुसवेफुगवे असतात, समवयस्काच्या मोठेपणाकडे कानाडोळा करण्याचा दोष त्यांच्यात इतरांहून अधिकच असतो. पण ज्या उणिवेबद्दल आपण स्थानिक समितीला दोषी धरतो ती उणीव दूरच्या कचेरीत नाहीशी कशी होईल, हे मला कोणी दाखवून दिलेले नाही. दिल्लीत अंतिम अधिकार असताना गायतोंडे दिल्लीतच राहत होते! समितीचे दोष निवारण्याचे मार्ग साधे आहेत आणि ते इतरत्र प्रचारात आहेत: सभासदांची मुदत ठरलेली असावी आणि ती संपण्यापूर्वीच नवी नेमणूक व्हावी, म्हणजे मधल्या रिकाम्या काळात कोणाच्या हाती मुखत्यारी आपसूक जाणार नाही, सभासदाने आपल्या मुदतीत स्वतःचे प्रदर्शन घेऊ नये, चित्रकारांबरोबर इतिहासकार, जतनतज्ज्ञ आणि शिक्षक असावेत, आणि बैठकीत काय मंजूर झाले, काय नामंजूर झाले व कोणत्या कारणाने, हे जाहीर व्हावे. घराची कौले गळतात म्हणून शहाणा माणूस कौले चाळतो.

स्थानिकांना हा अधिकार का, असे विचारणाऱ्यांना या इमारतीचा इतिहासही ठाऊक असायला हवा. जॉर्ज विटेट यांनी रचलेले सर कावसजी जहांगीर सभागृह १९११ साली बांधून झाले. तेथे सभा झाल्या, मैफली झाल्या, पुढे पुढे लग्नसमारंभ आणि विक्रीचे मेळेही होऊ लागले, आणि वास्तूला अवकळा आली. ती आधुनिक कलेसाठी मिळावी म्हणून शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि केकू गांधी यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले, अर्ज केले, मंत्र्यांना भेटले. पोचखानवाला १९८६ साली गेल्या. त्यांना दार उघडलेले पाहायला मिळाले नाही. नूतनीकरणास बारा वर्षे लागली. जुन्या सभागृहाच्या पोटात जी अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात, ती रोमी खोसला यांच्या आराखड्याने झाली, आणि ज्याने त्या जिन्याने एकदा वर जाऊन पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही की ही रचना एका आयुष्याचा चढ दाखवायला जणू घडवलेली आहे: खाली उमेदवारीची चित्रे, मधल्या पातळ्यांवर धडपड आणि वळणे, आणि घुमटाखाली, जेथे आवाजसुद्धा आपोआप खाली येतो, अखेरची. या वास्तूचा फक्त घुमट सिंहावलोकनासाठी ठेवून खालचे मजले तोडून घेणे म्हणजे ग्रंथाचे शेवटचे प्रकरण ठेवून बाकीची पाने काढणे होय. ज्यांच्या खेट्यांमुळे हे संग्रहालय अस्तित्वात आले, त्यांच्या पुढच्या पिढीने तेथे काय लागावे याविषयी बोलण्याचा हक्क मागितला, तर तो हक्क मूळ दस्तऐवजातच आहे असे मी समजतो.

सामान्य प्रेक्षकाला एकाच चित्रकाराचे मोठे प्रदर्शन रटाळ वाटते, त्याला विविधता हवी असते, हा आणखी एक आक्षेप. त्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. २००८ च्या सुमारास पटवर्धनांनी समकालीन चित्रांचे एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फिरवले. जेथे कलादालन म्हणून काही नव्हते तेथेही ते नेले आणि माणसांशी बोलत उभे राहिले. सामान्य माणसाची भूक लहान असते, हा समज ज्यांनी त्याला कधी काही वाढलेच नाही अशांचा आहे.

माझी मागणी म्हणून एवढीच आहे. संग्रहासाठी एक-दोन पातळ्या खुशाल राखाव्यात आणि तेथली मांडणी वर्षातून एकदा बदलावी. बाकीची वास्तू सिंहावलोकनांसाठी आणि शोधपूर्वक रचलेल्या प्रदर्शनांसाठी मोकळी असावी. ती कोणती, हे मुंबईत बसलेल्या, मुदतबंद आणि जाहीर कामकाज करणाऱ्या समितीने ठरवावे. आणि फाटकापाशी जो फलक लागतो, त्यावर चालू प्रदर्शनाच्या खाली पुढच्या तीन वर्षांची यादी, मराठीतही, लिहिलेली असावी. तीन वर्षे मी मुद्दाम म्हणतो. यादी जाहीर झाली की ज्याच्या घरी चित्र आहे तो ते जपतो, ज्याच्याकडे पत्रे आहेत तो ती रद्दीत घालत नाही, ज्याने चित्रकाराला काम करताना पाहिले आहे तो आपण होऊन सांगायला येतो.

कारण चित्रकार गेल्यावर त्याचे जे मागे राहते ते बहुधा बँकेच्या तिजोरीत नसते. गिरगावात, दादरला, अलिबागच्या बाजूला, कोल्हापुरात जुन्या घरांच्या माळ्यांवर ट्रंका आहेत. त्यांत रेखाटनांच्या वह्या आहेत, प्रदर्शनांची निमंत्रणपत्रे आहेत, न ताणलेले, गुंडाळून ठेवलेले कॅनव्हास आहेत. घरातली वृद्ध पत्नी किंवा बहीण दर वर्षी वैशाखात ती ट्रंक उन्हात ओढते, कसर झटकते, पुन्हा झाकण लावते, आणि कोणीतरी विचारायला येईल म्हणून वाट पाहते. पुढे जून येतो, आणि कौलांतून पाणी ठिबकायला लागते.